काजलचे हिरवे दोरे

१

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता हुस्नबानोनं गोपालच्या शेडनेटचं कुलूप काढलं, दाराच्या दोन्ही चेनी ओढल्या, आत पाऊल टाकलं आणि तिसऱ्या ओळीपाशी ती थबकली. मिरचीची झाडं जागच्या जागी उभी होती. फळंही लटकलेली होती. पण देठांवरचे हिरवे दोरे नव्हते.

ती पुढच्या ओळीत गेली, मग त्याच्या पुढच्या. लाल दोरे होते, पिवळे होते, निळे होते. हिरवे तेवढे गेले होते.

या कामात दोरा म्हणजे सगळं काही. दुपारी कळी उमलायच्या आत चिमट्यानं उघडायची, तिच्यातले नराचे केसर काढून टाकायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जातीच्या मिरचीचा पराग बोटानं लावायचा आणि देठाला लोकरीचा दोरा बांधायचा. याला सगळे क्रॉसिंग म्हणतात. दोरा असलेलं फळ बियाण्याचं. दोरा नसलेलं फळ कोणत्या परागाचं ते देवही सांगू शकत नाही, म्हणून ते तोडून बांधावर फेकायचं. टोळीतल्या आठ बाया आणि घरची, म्हणजे गोपालची पोरगी काजल, असे नऊ हात या नेटात चालत आणि प्रत्येकीचा रंग वेगळा होता. हिरवा काजलचा. तिचा हात सगळ्यांत चपळ, म्हणून हिरवे दोरेही सगळ्यांत जास्त. तीन-साडेतीन हजार तरी असतील.

मागून आलेल्या बाया दाराशीच उभ्या राहिल्या. नेटाच्या आतली हवा सकाळीच कोंदट झाली होती.

तासाभरात हिंमतराव मोटारसायकलवर आला. बियाण्याच्या कंपनीचा तो या भागातला ऑर्गनायझर. गावातल्या अकराही नेटांचे करार त्याच्याच हातून झालेले. त्यानं नेटाला बाहेरून एक फेरी मारली, जाळीला कुठं चीर आहे का ते पाहिलं, कुलूप हातात घेऊन उलटसुलट केलं. त्याच्या मागं गोपाल, म्हणजे नेटाचा मालक, तोंड पडल्यासारखा चालत होता. कुलपाच्या दोन किल्ल्या होत्या. एक गोपालच्या घरी खुंटीला, जी हुस्नबानो रोज सकाळी नेई आणि काम झालं की परत टांगून जाई. दुसरी हिंमतरावाच्या खिशात. पण काल सकाळचं काम झाल्यावर बाया बाजाराला सुटल्या होत्या आणि हे दोघंही संध्याकाळपर्यंत साखरखेर्ड्याच्या बाजारात चहाच्या टपरीवर बसलेले अर्ध्या गावानं पाहिले होते.

"जाळी शाबूत आहे, कुलूप शाबूत आहे," हिंमतराव म्हणाला. "बाहेरचा माणूस नाही आला, बानोबी. तुमच्यातलीच कोणी आहे. गुरुवारी कंपनीचा साहेब पाहणीले येऊन राह्यला. त्याच्या आधी मले नाव पाहिजे. नाव नसलं तर गावच्या एकाही नेटात तुमच्या टोळीतली बाई पाय ठेवणार नाही."

तो मंगळवार होता.

२

हुस्नबानोचं वय चोपन्न. एकोणीस वर्षं ती क्रॉसिंगच्या कामात होती, त्यातली शेवटची आठ मुकादम म्हणून. बाया तिला खाला म्हणत, बरोबरीच्या बानोबी म्हणत. कोणाच्या हातानं कळी मोडते, कोणाची बोटं घामेजतात, कोण देठाला एक गाठ मारते नि कोण दोन, हे तिला डोळे मिटून सांगता आलं असतं. नेट मात्र तिचं नव्हतं, शेत तिचं नव्हतं, कराराचा कागद तिनं कधी वाचलाही नव्हता. मालकाचं बिघडलं तर हिंमतराव तिला धरी आणि हिंमतरावाचं बिघडलं तर बाया तिला धरत. इतकी वर्षं या दोघांच्या मधल्या बोळातून ती अंग चोरून चालत आली होती. आता बोळ पुढून बंद झाला होता.

दुपारी तिनं बायांना शेजारच्या नेटात पाठवलं आणि एकटीच आत राहिली.

पहिली गोष्ट तिच्या लक्षात आली ती ही, की एकही फांदी मोडलेली नव्हती. मिरचीची फांदी काचेसारखी. नवख्याचा नुसता कोपर लागला तरी कट् होते. इथं हजारो देठांना हात लागला होता आणि जमिनीवर एक पान पडलं नव्हतं. दुसरी गोष्ट, दोऱ्याचा एक तुकडाही खाली नव्हता. ज्यानं काढले त्यानं ते गोळा करून नेले होते.

तिसरी गोष्ट तिला खाली बसल्यावर दिसली. प्रत्येक झाडाच्या बुडाशी, गुडघ्याच्या खालच्या फांद्यांवर, हिरवे दोरे तसेच होते.

गावात तोवर शेषरावाचं नाव झालं होतं. शेषराव गोपालचा चुलतभाऊ. सामाईक विहिरीच्या पाण्यावरून दोघांचं गणपतीपासून वाजलं होतं आणि 'तुह्या नेटात कसं पिकते ते पाहतो' असं तो चारचौघांत बोलला होता. हुस्नबानो त्याच्या खळ्यावर गेली. तो सोयाबीनच्या पोत्यांना सुतळी ओवत होता. बोललो ते बोललो, नाकारत नाही, असं त्यानं सरळ सांगितलं. पण मले बिघडवायचंच असतं तर विळा घेऊन जाळी टराटरा फाडली असती, रंग पाहून दोरे निवडत काऊन बसलो असतो? हुस्नबानो त्याच्या बोलण्याकडे कमी आणि हातांकडे जास्त पाहत होती. खुंट्यासारखी जाड बोटं, टोकाला चिरलेली. त्या बोटांनी तीन फळं धरली तर चौथ्याला फांदी मोडली असती. तिनं शेषरावाला मनातून वजा केलं.

घरी येताना ती खालच्या दोऱ्यांचा विचार करत होती. मिरची खालून वर फुलत जाते. बुडाशी असलेली फळं नवरात्रातली, वरची दसऱ्यानंतरची. म्हणजे नवरात्रातलं काजलचं काम कोणाला खुपलं नव्हतं, दसऱ्यानंतरचं खुपलं होतं. जे काही बिनसलं ते दसऱ्यानंतर बिनसलं.

आणि दसऱ्यानंतर काय झालं होतं ते साऱ्या टोळीला ठाऊक होतं. पिवळ्या दोऱ्याची फळं गळून राहिली, पराग नीट लागत नाही, असं काजल हिंमतरावासमोर बोलून गेली होती. हिंमतरावानं पिवळ्या दोऱ्यावाल्या बाईला दोन दिवस घरी बसवलं होतं. त्यावर दोघींची बांधावर चांगलीच जुंपली होती.

पिवळा दोरा मुबीनाचा होता. आणि मुबीना हुस्नबानोच्या सख्ख्या बहिणीची मुलगी होती.

३

बुधवारी सकाळी तिनं मुबीनाला नेटात बोलावलं आणि आतून चेन लावून घेतली.

मुबीना पंचविशीची, दोन लेकरांची आई. नवरा सुरतेला. आधी तिनं कानांवर हात ठेवले, मग रडली, मग खालानंच असं विचारावं म्हणून रागावली. हुस्नबानोनं तिला रडू दिलं, रागावूही दिलं. शेवटी ती एवढं बोलली की बाजाराच्या दिवशी दुपारी ती नेटाच्या बाजूनं गेली होती. सकाळी डबा बांधावर विसरला होता, तो घ्यायला. आणि तेव्हा कुलूप कडीला नुसतं लटकत होतं, उघडं. आत कोणी आहे का ते तिनं पाहिलं नाही. जाळी हिरवी, बाहेरून दिसत नाही. हे तिनं कोणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू तिथं काय करत होतीस असंच पहिलं विचारलं गेलं असतं.

हुस्नबानोनं तिच्यावर विश्वास ठेवला का? ठेवावासा वाटला, म्हणूनच ठेवला नाही. तिनं मुबीनाला खाली बसवलं, बुडाशी उरलेला एक हिरवा दोरा दाखवला आणि सांगितलं, हा काढ. फळ पडलं नाही पाहिजे, देठ दुखला नाही पाहिजे.

मुबीनानं दोऱ्याचं टोक चिमटीत धरून ओढलं. गाठ आणखी आवळली. तिनं दुसरं टोक ओढलं. फळ देठासकट तिच्या हातात आलं.

"अजून एक," हुस्नबानो म्हणाली.

दुसरंही तसंच तुटलं. तिसऱ्याला मुबीनानं नख घातलं तर देठाची साल निघाली. काजलची गाठ इतर बायांसारखी नव्हती. तिसऱ्या बोटावरून वळसा घेऊन आत दुमडलेली होती. कुठलं टोक कुठं ढिलं करायचं हे माहीत असलं तर एका झटक्यात सुटणारी, नाही तर देठ तोडल्याशिवाय न निघणारी. हुस्नबानोला स्वतःलाही दोन फळं बिघडवावी लागली तेव्हा ती जमली.

म्हणजे मुबीना नाही. तिच्या छातीवरचं ओझं हललं आणि लगेच दुसऱ्या बाजूनं पुन्हा बसलं. शेषराव नाही, मुबीना नाही, टोळीतली कोणीच नाही. कुलूप किल्लीनं उघडलेलं. गाठ माहितीतली. मग उरतं कोण?

चेन बाहेरून ओढल्याचा आवाज झाला. दारात काजल उभी होती. एकोणीस वर्षांची, उंच, ओढणी डोक्यावरून कानामागं घट्ट बांधलेली.

"खाला, मुबीनाले सोडा," ती म्हणाली. "दोरे मी काढले."

४

मुबीना गेल्यावर काजल ओळीच्या तोंडाशी उकिडवी बसली आणि विचारलं तेवढंच सांगत गेली. किल्ली घरच्या खुंटीवरून घेतली. बाबा बाजारात होते. दोरे ओढणीत गोळा केले आणि चुलीत टाकले. लोकरीचा वास घरभर झाला होता. मग हुस्नबानोनं कारण विचारलं.

ते हुस्नबानोला अर्धं आधीच माहीत होतं. काजल शेगावला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. पोळ्याच्या आठवड्यात तिच्या आईचं, कोकिळाचं, गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं आणि यंदा नेट कोण सांभाळणार म्हणून गोपालनं पोरीला घरी आणलं. दोन महिन्यांपुरतं, असं ठरलं होतं. कॉलेजनं कार्तिकी पौर्णिमेपर्यंत जागा धरून ठेवायचं कबूल केलं होतं. आणि दसऱ्याला सोयरीक आली. हिंमतरावाच्या बहिणीचा मुलगा, अमडापूरचा. चार शेडनेट, घरात बाई माणूस एकच, तेही थकलेलं. गोपाल हुरळून गेला. लग्न माघात, कॉलेजचं पुढं पाहू.

"त्यायले पोरगी नाही पाहिजे, खाला. त्यायले हात पाहिजे," काजल म्हणाली. "माह्या नर्सिंगचं कोणी इचारलंच नाही. किती कळ्या होतात दिवसाच्या, एवढंच इचारलं."

"त्यायले तुह्या हाताचं कोणी सांगतलं?"

काजलनं मान वर केली. तिच्या नजरेत राग नव्हता, म्हणूनच ते हुस्नबानोला जास्त लागलं. "तुमीच."

खरं होतं. नवरात्रात हिंमतरावानं सहज विचारलं होतं, यंदा हात कोणाचा चांगला आहे, आणि हुस्नबानोनं कौतुकानं सांगितलं होतं की असा हात तीन तालुक्यांत सापडणार नाही. पोरीचं भलं व्हावं म्हणूनच बोलली होती ती. नेटाची हिरवी जाळी डोक्यावर आणखी खाली आल्यासारखी तिला वाटली. चोर शोधता शोधता ती स्वतःच्याच पावलांपाशी येऊन पोचली होती.

काजल गेली. हुस्नबानोला आता नाव मिळालं होतं. उद्या साहेबासमोर ते सांगायचं की टोळी सुटली. आठ घरांच्या चुली चालू. पोरीचं मात्र जन्माचं नाव जाईल. आपल्याच घरात चोरी केलेली मुलगी. उद्या दवाखान्यात तिला कोण उभं करील?

आणि तरीही तिच्या मनाला काहीतरी टोचत होतं. काजलनं सगळं सांगितलं, पण खालचे दोरे का ठेवले हे विचारल्यावर ती गडबडली होती. 'वेळ नाही भेटला,' म्हणाली. वेळ नसलेलं माणूस चार ओळी सोडून देईल. हजारभर झाडांपैकी प्रत्येक झाडाचं बूड सोडून जाईल का?

ती उठली आणि पुन्हा एकदा शेवटच्या ओळीपर्यंत चालत गेली. आठव्या ओळीत पाच झाडांची काठी दिवाळीनंतरच्या वाऱ्यात मोडली होती; ती झाडं आडवी होऊन शेंडे मातीला टेकले होते. हुस्नबानोनं तेव्हा ती उभी करू दिली नव्हती, फळं गळतील म्हणून. त्या शेंड्यांवर, अगदी दिवाळीनंतरच्या कोवळ्या फळांवर, हिरवे दोरे जसेच्या तसे होते.

ती जवळजवळ धावतच दाराशी आली. दाराजवळची दहा-बारा झाडं पाण्यासाठी घातलेल्या मातीच्या उंच ओट्यावर लावलेली होती. त्यांची नवरात्रातली, बुडाची फळं उभ्या माणसाच्या कमरेला येत. तिथले हिरवे दोरे गेलेले होते.

म्हणजे दसऱ्याचा नि नवरात्राचा काही संबंध नव्हता. जुन्या-नव्याचा प्रश्नच नव्हता. जे उभ्यानं हाताला आलं ते गेलं होतं आणि ज्यासाठी वाकावं लागलं असतं ते राहिलं होतं. काजल दिवसभर उकिडवी बसून कळ्या काढणारी पोर. हे काम ज्याला वाकता येत नाही अशा माणसाचं होतं.

अशा माणसाला हुस्नबानो रोज सकाळी किल्ली न्यायला गेली की पाहत होती.

५

कोकिळा ओसरीतल्या खाटेवर भिंतीला पाठ लावून ताठ बसली होती. पोटाला पट्टा. समोर सुपात लसूण. डॉक्टरनं तीन महिने वाकू नको, जड उचलू नको असं बजावलं होतं आणि ते तीन महिने अजून पुरे व्हायचे होते. काजल घरात नव्हती. गोपाल हिंमतरावाकडे गेला होता.

हुस्नबानो खाटेच्या टोकाला बसली. दोघी एकाच वर्षी या कामाला लागलेल्या. काजलची ती आडवळणाची गाठ मुळात कोकिळाची, हे आता तिला आठवलं. इतकी वर्षं तीच गाठ पाहूनही ते ध्यानात आलं नव्हतं, कारण यंदा कोकिळा नेटात नव्हतीच.

तिनं आडवी पडलेली झाडं सांगितली, ओट्यावरची झाडं सांगितली. कोकिळानं लसणाची पाकळी सोलून सुपात टाकली. दुसरी घेतली.

"साडेतीन तास लागले," ती म्हणाली. "टाके ओढत होते. पण वाकली नाही. डॉक्टरचं ऐकलं."

मग ती आपल्यालाच सांगितल्यासारखी बोलत राहिली आणि हुस्नबानो ऐकत राहिली. गोपालला तिनं दोनदा सांगून पाहिलं होतं. कॉलेज कुठं पळून जाते, असं तो म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणाला, घर मी चालवतो. घर कोणाच्या कमरेवर चाललं ते तिच्या पोटावरच्या टाक्यांना माहीत होतं. पण जमीन त्याच्या नावावर, नेट त्याच्या नावावर, करार त्याच्या नावावर. पोरीच्या बाबतीत तरी तिच्या बोलण्याला वजन कुठून येणार? मग तिला वाटलं, पोरीच्या हातचं पीकच गेलं, तर हात वाईट निघाला म्हणून सोयरीक आपोआप मोडेल. एवढाच हिशेब केला होता. याला कोणी चोरी म्हणेल आणि आठ बाया अडकतील, हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. मंगळवारी सगळं ऐकलं तेव्हा ते कळलं. बोलावं तर संसार मोडतो आणि गप्प बसावं तर दुसऱ्यांचे.

"मले बांधून टाकलं वं, माह्याच गाठीनं," ती म्हणाली.

हुस्नबानोनं तिच्या हातातली पाकळी काढून घेतली. "कोकिळा, अजून एक आहे. काजलनं सकाळी माह्यापाशी कबूल केलं. मी केलं म्हणे. चुलीतल्या दोऱ्याचा वास तिले आला होता. उद्या ती साहेबासमोर बोलणार आहे."

कोकिळानं सूप बाजूला सारलं. शेजारच्या घरात कुकरच्या दोन शिट्या झाल्या.

"साहेब किती वाजता येते?" तिनं विचारलं.

६

गुरुवारी अकराला कंपनीचा साहेब आला. तिशीच्या आतला, पाठीवर लॅपटॉपची पिशवी, पुण्याकडचं बोलणं. नेटाच्या दाराशी टोळीतल्या बाया एका बाजूला उभ्या, हिंमतराव आणि गोपाल दुसऱ्या बाजूला. शेषराव बांधावर येऊन उभा राहिला होता. हिंमतरावानं हुस्नबानोकडे पाहून मान हलवली: बोला.

हुस्नबानोनं साहेबाला आधी आत नेलं. मोडलेली फांदी दाखवा म्हणाली, एकही नव्हती. खालचा दोरा काढून पाहा म्हणाली. साहेबाच्या हातात फळ तुटून आलं. टोळीतल्या प्रत्येकीनं एकेक दोरा ओढून पाहिला आणि प्रत्येकीच्या हातात तुटकं फळ आलं. मग तिनं आडवी झाडं आणि ओट्यावरची झाडं दाखवली आणि एवढंच सांगितलं की टोळीतल्या आठही बाया दिवसभर वाकून काम करतात, यातली एकही उभ्यानं दोरे काढत फिरणार नाही. नाव तिनं घेतलं नाही. रात्रीपासून तिनं ठरवलं होतं, टोळीचं निर्दोषपण सिद्ध करायचं, पण नाव आपल्या तोंडानं घ्यायचं नाही.

"मग कोण?" साहेबानं विचारलं.

बायांच्या मागून काजल पुढं सरकली. तिनं तोंड उघडायच्या आत रस्त्याकडून कोकिळाचा आवाज आला. ती पट्ट्यावर हात ठेवून सावकाश, ताठ चालत येत होती. एवढं अंतर ती ऑपरेशननंतर फक्त एकदाच चालली होती.

"ती पोरगी खोटं बोलते, साहेब. दोरे मी काढले. मी तिची माय."

गोपाल एक पाऊल पुढं आला आणि तिथंच थांबला. हिंमतरावाला राग आधी आला आणि शब्द मागून. करार मोडला म्हणजे काय होते, माहीत आहे का, कंपनी केस करू शकते, असं बरंच काही तो बोलला. कोकिळानं त्याला पुरं बोलू दिलं. मग ती साहेबाकडे वळली.

"साहेब, त्या करारावर माहं नाव आहे का?"

साहेबानं पिशवीतून कागद काढला. "नाही. गोपाल भाऊंचं आहे."

"एकोणीस वर्षं हे काम करून राह्यली मी. कधी होतं का?"

साहेबानं मागचे कागद चाळले. "कधीच नाही."

"मंग मी कोणता करार मोडला ते सांगा. माह्या नावाचा कागद असता तर मी त्याले बांधली असती. पोरीचं जे नुकसान होऊन राह्यलं ते थांबवाले दुसरं काही माह्या हाती नव्हतं. हात तेवढे होते."

साहेब कागदाकडे पाहत राहिला. मग त्यानं हिंमतरावाला बाजूला घेतलं. परत आल्यावर त्यानं सांगितलं ते थोडक्यात होतं: या नेटाचा यंदाचा माल कंपनी घेणार नाही, गोपालचा करार रद्द. केस होणार नाही. टोळीवर ठपका नाही. बाकी दहा नेटांचं काम चालू राहील.

हिंमतरावानं मोटारसायकलला किक मारली. गोपालकडे न पाहताच तो म्हणाला की बहिणीकडे सांगून देतो, त्या घरी अशी माय चालणार नाही. गोपाल तोंडात मारल्यासारखा उभा राहिला. कोकिळानं डोळे मिटून घेतले. तिनं याच्यासाठीच सगळं केलं होतं. पण तिच्या चेहऱ्यावर सुटल्याचं काही दिसलं नाही.

७

कार्तिकी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी काजल शेगावला गेली. गोपालनं अडवलं नाही आणि निरोपही दिला नाही. एसटीपर्यंत तिची पेटी मुबीनानं उचलून नेली, कोणी न सांगता. फॉर्मवर पालकाची सही लागते म्हणाल्यावर काजलनं कागद आईपुढं धरला होता आणि कोकिळानं वेळ लावून, एकेक अक्षर काढत सही केली होती.

गोपालच्या नेटातली मिरची लाल होऊन झाडावरच वाळली. नवरा-बायको एका घरात राहत होते, पण गोपाल तिच्याशी बोलत नव्हता. भाकर वाढली की खाई, ताट सरकवून उठे. डॉक्टरचे तीन महिने संपल्यावर कोकिळा हुस्नबानोकडे आली आणि टोळीत रोजानं लागली. दुसऱ्याच्या नेटात. गावात दोन्ही बाजूंनी बोललं जाई. शेषराव म्हणे, बाईनं घर बुडवलं. मुबीना म्हणे, बुडायचं ते घर होतं की पोरगी, एवढंच तर होतं.

हुस्नबानोला कोणी विचारलं नाही, म्हणून तिनं काही सांगितलं नाही. तिला एवढं कळत होतं की आपण नाव घेतलं नाही म्हणून आपण मोकळ्या झालो नाही. हिंमतरावाकडे तिला जावंच लागे, दर आठवड्याला.

माघात शेषरावाच्या नव्या नेटात टोमॅटोचं क्रॉसिंग सुरू झालं. बाया पहिल्या कळ्या काढत होत्या, तोच दाराची चेन सरकली आणि गोपाल आत आला. दाढी वाढलेली. हातात चिमटा होता, बाजारातून नवा आणलेला, अजून पिशवीतला.

तो थेट हुस्नबानोपाशी आला. दुसऱ्या कंपनीचा माणूस पाहण्यात आहे, असं तो जमिनीकडे पाहत म्हणाला. नेट पुढल्या वर्षी उभं करायचं. पण घरात करणारं कोणी नाही. बाया लावाव्या तर परवडत नाही. तेव्हा मीच शिकतो.

बायांची बोटं थांबली. हसली मात्र कोणी नाही.

हुस्नबानोनं त्याला पहिल्या ओळीत उकिडवं बसवलं, कळी दाखवली, चिमटा कसा धरायचा ते दाखवलं. पहिली कळी तुटली. दुसरी तुटली. पाचव्या कळीला त्याच्या कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यावर आला. दहाव्या कळीला पाय बधिर झाले म्हणून तो एका हातावर टेकला. जाळीखाली ऊन साचत चाललं होतं.

"किती दिवस लागतात हे जमाले?" त्यानं विचारलं.

"मले काय इचारता," हुस्नबानो म्हणाली. "घरातच माणूस आहे."

गोपाल तसाच बसून राहिला. तीन ओळी पलीकडे कोकिळा पाठमोरी काम करत होती. तिची बोटं एका लयीत चालली होती, कळीवरून कळीवर. मग तो गुडघ्यावर हात देऊन उठला, फांद्यांना धक्का लागणार नाही अशी काळजी घेत तीन ओळी ओलांडून गेला आणि तिच्या शेजारी, हातभर अंतर सोडून, पुन्हा खाली बसला.

कोकिळानं मान वळवली नाही. पण पुढची कळी तिनं सावकाश उघडली, त्याला दिसेल अशी.